पँथरच्या मूळ गावी : अलाबामातला हायवे ८० आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

अटलांटाकडच्या मराठी माणसाला लांब वीकेंड मिळाला की त्याची गाडी एकतर फ्लोरिडाच्या समुद्राकडे वळते, नाहीतर स्मोकी डोंगरांकडे. शेजारच्या अलाबामात मुद्दाम कुणी जात नाही. "तिथे काय आहे बघायला?" असं आम्हालाही विचारलं गेलं. त्यांच्यासाठी आणि पुढेमागे तिकडे जाणाऱ्या इतरांसाठी हे लिहिते आहे.

आम्ही तिघं होतो : मी, नवरा आणि औरंगाबादहून आलेले माझे बाबा. (शहराचं नाव बदललं, बाबांच्या तोंडचं बदललेलं नाही.) बाबा एसटीत कंडक्टर होते. त्याआधी सत्तरच्या दशकात मिलिंद महाविद्यालयात शिकले, म्हणजे दलित पँथर ऐन भरात असताना. त्या कॅम्पसवर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची चर्चा नवी नव्हती, दलित साहित्याचे समीक्षक म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले होते आणि गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक औरंगाबादहूनच निघत होतं. त्यामुळे बाबांनी इथे आल्यावर डिस्नेबिस्ने काही विचारलं नाही. म्हणाले, "ते ब्लॅक पँथर कुठले गं? त्यांचं गाव दाखव."

सगळे उत्तर देतात, कॅलिफोर्नियातलं ऑकलंड. ते खोटं नाही. ह्यू न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये तिथे ब्लॅक पँथर हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारा पक्ष काढला, आणि त्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली. पण तो काळा पँथर ऑकलंडवाल्यांनीही दुसरीकडून घेतला होता. तो आधी अलाबामातल्या एका खेडवळ काउंटीत (जिल्ह्यात म्हणा), निवडणुकीचं चिन्ह म्हणून आला. तिचं नाव लाउन्ड्स काउंटी. सेल्मा ते माँटगमरी हा हायवे ८० तिच्या पोटातून जातो. लोक सेल्माचा पूल बघतात, माँटगमरीची संग्रहालयं बघतात आणि मधला हा टापू ताशी सत्तर मैलांनी मागे टाकतात. माझं सांगणं एवढंच आहे की तसं करू नका.

आखणी

गाडी हवीच. सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर हा प्रवास होत नाही. अटलांटाहून आय-८५ने माँटगमरी अडीच तास. मुक्काम माँटगमरीतच करा. हॉटेलं भरपूर आहेत, आणि हमरस्त्यालगतची कितीतरी छोटी मोटेलं आपल्या गुजराती पटेल मंडळींची आहेत, त्यामुळे ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर रात्री गरम पाण्यापासून चहापर्यंत कशाचीच पंचाईत होत नाही. सेल्माला राहायची सोय कमी आहे.

सेल्माच्या दिवशी सकाळी कुठेही न थांबता थेट सेल्मा गाठा (८० किलोमीटर, तासभर) आणि परतीचा रस्ता सावकाश करा. १९६५चा कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काचा मोर्चा त्याच दिशेने आला होता, आणि थांबे त्या क्रमाने लागले की गोष्ट आपोआप उलगडत जाते. उन्हाळ्यात जाऊ नका. जून ते सप्टेंबर अलाबामाचा दमटपणा कोकणालाही भारी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च उत्तम. मार्चचा पहिला वीकेंड मात्र विचार करून निवडा : सेल्मात पुलावरच्या मोर्चाचा वार्षिक सोहळा असतो, देशभरातून माणसं येतात, वातावरण जत्रेचं असतं, पण खोली आणि पार्किंग दोन्ही मिळत नाही.

आणखी एक तारीख. जानेवारीतला तिसरा सोमवार देशभर मार्टिन ल्यूथर किंग दिन असतो. अलाबामा सरकारच्या कॅलेंडरात त्याच दिवशी रॉबर्ट ई. ली यांचीही जयंती आहे, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणी फौजेच्या सेनापतीची. एकच सुट्टी, दोघांच्या नावे. सरकारी इमारती बंद असतात.

टस्कीगी, जाता जाता

आय-८५वरून थोडं आत वळलं की टस्कीगी विद्यापीठ लागतं. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची ओळख मराठी वाचकाला करून द्यायची गरज नाही. एवढंच सांगते की ते १८९६ साली इथे आले आणि १९४३ साली जाईपर्यंत इथेच राहिले. विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या नावाचं संग्रहालय आहे आणि चॅपलशेजारी त्यांची कबर, विद्यापीठाचे संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या कबरीजवळ. जवळच मोटन फील्ड या विमानतळावर दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचं स्मारक आहे, तेही बघण्यासारखं आणि फुकट. याच काउंटीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता 'अभ्यासला', पेनिसिलिन आल्यानंतरही. कार्व्हरच्या गोष्टीत वाढलेल्या माणसाने हे दुसरं टस्कीगीही माहीत करून घ्यावं.

माँटगमरी : कंडक्टरच्या नजरेतून बस

रोझा पार्क्स संग्रहालय ट्रॉय विद्यापीठाच्या इमारतीत आहे, जिथे त्यांना १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली नेमकी त्या जागी. मूळ बस इथे नाही, ती मिशिगनमध्ये फोर्ड संग्रहालयात आहे. इथे तशीच एक बस ठेवून खिडक्यांमध्ये तो प्रसंग दाखवतात. प्रयोग ठरावीक वेळेला सुरू होतो, त्यामुळे तिकीट काढतानाच वेळ विचारून घ्या.

आपण सगळ्यांनी शाळेत थोडी चुकीची गोष्ट ऐकलेली असते, की दमलेल्या शिंपीणबाई गोऱ्यांच्या सीटवर बसल्या. त्या गोऱ्यांच्या सीटवर बसल्याच नव्हत्या. पुढच्या रांगा गोऱ्यांच्या, मागच्या काळ्यांच्या, आणि मधला भाग ड्रायव्हरच्या मर्जीचा. त्या मधल्या भागाच्या पहिल्या रांगेत होत्या. एका गोऱ्या माणसाला जागा हवी झाली. काळ्या माणसाच्या रांगेत गोरा बसणार नाही, म्हणून एकासाठी चौघांनी उठायचं. तिघं उठले, या उठल्या नाहीत. आणि बाई 'नुसत्या दमलेल्या' तर अजिबात नव्हत्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या त्या अनेक वर्षं सेक्रेटरी होत्या. त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीने अगदी हेच केलं होतं आणि तिलाही अटक झाली होती.

बाबा मात्र दुसऱ्याच गोष्टीवर अडले. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून भाडं द्यायचं, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचं, अशी रीत होती, आणि कधी कधी ड्रायव्हर पैसे घेऊन, तो माणूस मागच्या दाराशी पोचायच्या आत गाडी हाकत असे. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "भाडं घेतलं आणि प्रवासी सोडला? आमच्याकडे सस्पेंड झाला असता तो." मग थोडं थांबून, "आमच्याकडे त्याला चढू द्यायचं की नाही ते गावच ठरवायचं म्हणा, पूर्वी."

पुढचं दालन बहिष्काराचं, आणि ते या संग्रहालयातलं सगळ्यात चांगलं. ५ डिसेंबरपासून ३८१ दिवस माँटगमरीतल्या कृष्णवर्णीयांनी बस वापरली नाही. बसचे बहुतेक प्रवासी तेच, त्यामुळे कंपनीचं कंबरडं मोडलं. पण इतके दिवस हजारो माणसं कामावर गेली कशी? आधी कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसएवढंच, दहा सेंट भाडं घेतलं. शहराने लगेच किमान ४५ सेंटांचा नियम दाखवला. मग सुमारे ३०० खासगी गाड्यांची सेवा उभी राहिली, ठरलेले थांबे आणि ठरलेल्या वेळांसकट. विमा कंपन्यांनी त्या गाड्यांचा विमा काढून घेतला, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा आणला. पहिली पत्रकं जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने कॉलेजच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर रातोरात हजारोंच्या संख्येने काढली. बाबांना हा भाग फारच पटला. मोठी भाषणं त्यांनी हयातीत पुष्कळ ऐकली आहेत. डेपोशिवाय तीनशे गाड्यांचं वेळापत्रक सांभाळणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे.

पेट्रोलचा पैसा कुठून आला, याचं एक उत्तर जॉर्जिया गिलमोर. खाणावळीत स्वयंपाक करणारी बाई. तिने बायकांचा एक गट जमवून कोंबडीचे सँडविच, पाय, केक विकले आणि जमलेला पैसा दर सभेत आणून दिला. त्या गटाचं नाव 'कुठूनही नाही क्लब' असं काहीसं, कारण पैसे कुठून आले विचारलं तर कुणाची नोकरी जाऊ नये. तिची स्वतःची गेलीच. तिच्या घरासमोर आता फलक आहे. शहर ओलांडून तिथवर जायला हरकत नाही, पण वस्ती आहे, लोक राहतात. फोटो काढताना भान ठेवा.

किंग जिथे पाद्री होते ते डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यू चर्च आणि ते राहत ते घर या दोन जागांना आधी फोन करून किंवा ऑनलाइन वेळ घ्या. नुसतं जाऊन उभं राहिलात तर दार बंद मिळण्याची शक्यता जास्त. घर छोटं आहे, मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात. ३० जानेवारी १९५६च्या रात्री व्हरांड्यात बॉम्ब टाकला गेला तेव्हा आत कोरेटा किंग आणि काही आठवड्यांची मुलगी होती. किंग सभेला गेले होते. व्हरांड्यातली ती खूण अजून जपून ठेवली आहे.

सेल्मा

एडमंड पेटस पुलाबद्दल आधी एक व्यावहारिक गोष्ट : तो चालून पार करा आणि गावाच्या बाजूने सुरू करा. पूल मध्यावर उंच आहे. त्यामुळे गावाकडून चढताना पलीकडचं काही दिसत नाही. ७ मार्च १९६५ रोजी जॉन लुइस आणि होजिआ विल्यम्स यांच्या मागे दोघा-दोघांच्या रांगेत निघालेल्या सुमारे ६०० माणसांना माथ्यावर पोचल्यावरच समोर राज्य पोलिसांची निळी भिंत दिसली. छायाचित्रात हे कळत नाही. पाय चढावर लागले की कळतं. पदपथ अरुंद आहे, बाजूने ट्रक धडधडत जातात, लहान मुलं असतील तर हात धरून ठेवा. पार्किंग पुलाच्या दोन्ही अंगांना मिळतं, पैसे नाहीत.

पुलावर अजूनही ज्याचं नाव आहे तो पेटस दक्षिणी फौजेतला जनरल, पुढे सिनेटर, आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेतलं बडं प्रस्थ. नाव बदलावं का यावर वाद होत राहतात. जॉन लुइस स्वतः बदलाच्या विरोधात होते. मला तेच बरोबर वाटतं : ज्याने काळ्यांना माणूस मानलं नाही, त्याच्या नावाची पाटी त्यांच्या मोर्चाच्या प्रत्येक फोटोत डोक्यावर दिसते, याहून मोठी शिक्षा त्याला काय होणार!

मोर्चा कशासाठी होता ते गावात फिरल्यावर नीट समजतं. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे मतदान करण्याजोग्या सुमारे १५,००० कृष्णवर्णीयांपैकी नोंदणी होती ती जेमतेम ३०० जणांची. नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडत असे, रांगेत उभं राहिल्यावर शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) जिम क्लार्कची माणसं, आत गेल्यावर 'साक्षरता परीक्षा'. ती घेणारा कारकून गोरा, पास-नापास त्याच्या हाती. २२ जानेवारी १९६५ रोजी गावातल्या शंभरावर कृष्णवर्णीय शिक्षकांनी मोर्चा काढला तो मला या सगळ्या लढ्यातला कमी सांगितला गेलेला प्रसंग वाटतो. शिक्षकांची नोकरी गोऱ्या शाळा-मंडळाच्या हातात होती. पदव्या घेतलेली माणसं, तीही साक्षरता परीक्षेत नापास ठरवलेली. मास्तर रस्त्यावर आले म्हटल्यावर मुलं घरात राहतात होय!

जवळच्या मॅरियन गावात १८ फेब्रुवारीला जिमी ली जॅक्सन या तरुणाला पोलिसाने गोळी घातली, आठवडाभराने तो गेला, आणि त्या मरणातून पुलावरचा मोर्चा निघाला. ७ मार्चचा मार टीव्हीवर देशाने पाहिला. २१ मार्चला, न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्या हुकुमानंतर आणि लष्कराच्या पहाऱ्यात, तिसरा मोर्चा निघाला तो ८७ किलोमीटर चालून माँटगमरीला पोचला. मतदान हक्क कायद्यावर ६ ऑगस्ट १९६५ रोजी सही झाली.

मोर्चे जिथून निघाले ते ब्राउन चॅपल नदीपासून थोडं आत आहे. त्याच्या दुरुस्तीचं काम बरंच लांबलेलं आहे, आत जाता येतं का ते आधी विचारा. बाहेरून बघायलाही जावंच. पुलाच्या पायथ्याची केंद्रंही कधी सुरू, कधी बंद असतात. सेल्मा गरीब गाव आहे, हे मनाची तयारी म्हणून सांगते. मुख्य रस्त्यावर कितीतरी दुकानांना फळ्या ठोकलेल्या आहेत, आणि जानेवारी २०२३च्या टोर्नेडोने उरलंसुरलं झोडपलं. पुलाजवळ कुणी म्हातारे गृहस्थ आपणहून माहिती सांगायला आले तर ऐका. काहींनी तो दिवस लहानपणी पाहिलेला असतो. ऐकल्यावर त्यांच्या हातावर काही डॉलर ठेवा, खिशात सुटे असू द्या. आणि जेवण सेल्मातच करा. तुमचे वीस-तीस डॉलर माँटगमरीपेक्षा इथे जास्त कामाचे आहेत.

लाउन्ड्स

सेल्मा सोडून पूर्वेला निघालं की चौपदरी रस्ता, दोन्हीकडे गवताळ रान, मधूनच झाडांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ. या पट्ट्याला ब्लॅक बेल्ट म्हणतात ते मुळात मातीमुळे. बाबांनी गाडी थांबवायला लावली, उतरून ढेकूळ फोडून पाहिलं आणि म्हणाले, "ही तर आपली परभणीची जमीन." पावसाळ्यात चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी, कापसाची. इथल्या सगळ्या इतिहासाचं कारण ही मातीच आहे. कापूस म्हणून गुलाम, गुलाम म्हणून काउंटीत पाचातली चार माणसं कृष्णवर्णीय, आणि म्हणूनच त्यांच्या हाती मत जाऊ नये यासाठी एवढा आटापिटा. १९६५ उजाडलं तेव्हा या काउंटीच्या मतदार यादीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. गोऱ्यांची नावं मात्र यादीत हयात गोऱ्या प्रौढांपेक्षा जास्त होती! मेलेले मत देत होते, जिवंतांना मनाई.

व्हाइट हॉलजवळ महामार्गाला लागूनच नॅशनल पार्क सर्व्हिसचं लाउन्ड्स इंटरप्रेटिव्ह सेंटर आहे. प्रवेश फुकट, स्वच्छतागृह उत्तम (या रस्त्यावर ही माहिती सोन्याच्या मोलाची आहे), गर्दी नाही. आम्ही होतो तेवढा वेळ आमच्याखेरीज एकच कुटुंब होतं. सुट्टीच्या दिवशी उघडं आहे का ते आधी बघून घ्या. फिल्म पाहा, घाई करू नका. केंद्र उभं आहे ती जागा म्हणजे 'टेंट सिटी'. मतदार म्हणून नाव नोंदवलं एवढ्यावरून गोऱ्या मालकांनी बटाईदार कुटुंबांना घराबाहेर काढलं, तेव्हा डिसेंबर १९६५ पासून ती इथे तंबू ठोकून राहिली. काही जण दोनेक वर्षं. रात्री गाड्यांतून येऊन तंबूंवर गोळ्या झाडल्या जात. कुटुंबं हलली नाहीत.

आणि इथे भिंतीवर तो पँथर आहे.

त्याची हकिकत भारतीय माणसाला कुणाही अमेरिकनापेक्षा चटकन समजेल. मोर्चा पुढे निघून गेल्यावर स्टोकली कार्मायकल आणि एसएनसीसी या विद्यार्थी संघटनेची पोरं लाउन्ड्समध्येच राहिली. स्थानिक पुढारी होते जॉन ह्यूलेट. डेमोक्रॅटिक पक्षात शिरण्यात अर्थ नव्हता : अलाबामात त्या पक्षाचं चिन्ह पांढरा कोंबडा आणि त्याच्या डोक्यावर 'गोऱ्यांचं वर्चस्व' हे शब्द, अगदी छापील, १९६६ पर्यंत. वर काउंटीतल्या पक्षाने उमेदवारीची फी ५० डॉलरवरून ५०० केली. मग या लोकांनी कायद्यात शोधून काढलं की काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येतो. लाउन्ड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. अक्षर न येणारे मतदार पुष्कळ, म्हणून अलाबामाच्या कायद्याने प्रत्येक पक्षाला चिन्ह लागत असे. आधी कबुतर सुचवलं गेलं. ते कुणालाच पटलं नाही. मग अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचा पँथर घेतला. कोपऱ्यात रेटल्याशिवाय तो हल्ला करत नाही, आणि रेटलं तर मागे हटत नाही, असं ह्यूलेट समजावून सांगत.

बाबा त्या चित्रापुढे उभे राहून हसायला लागले. "म्हणजे ही निशाणी होती? मतपत्रिकेवरची?" मग मला सांगू लागले, बाबासाहेबांच्या फेडरेशनचा हत्ती होता, त्यांच्या वडिलांना वाचता येत नव्हतं, पण हत्ती कुठे आहे ते बरोबर कळायचं. आम्ही पँथर म्हटल्यावर बंदुका, काळी जॅकेटं, बेरेट टोप्या डोळ्यांपुढे आणतो. ते सगळं ऑकलंडचं. मुळातला पँथर निरक्षर शेतमजुराला आपल्या माणसाची निशाणी कुठली ते कळावं म्हणून काढलेला आहे. केंद्रात ठेवलेली कार्यकर्त्यांची चित्रपुस्तकं जरूर बघा : शेरीफ म्हणजे कोण, कर ठरवणारा अधिकारी काय करतो, त्याला आपण निवडून कसं द्यायचं, हे सगळं चित्रांतून. मला या सबंध प्रवासातली ही सगळ्यात क्रांतिकारक वस्तू वाटली. मुंबईत पँथर आला तोपर्यंत त्याच्यातली मतपत्रिका गळून पडली होती, राग तेवढा पोचला. बाबांना हे माझं म्हणणं मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते रागाचीच गरज होती. गाडीत आमचा यावर बराच वाद झाला, आणि नवऱ्याने आरशात बघत गाडी चालवली.

नोव्हेंबर १९६६च्या निवडणुकीत पँथरचे सगळे उमेदवार पडले. १९७० साली जॉन ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. ज्या काउंटीत काळ्या माणसाला शेरीफच्या नावाने कापरं भरायचं, तिथे.

याच रस्त्यावर दोन खुणा आहेत, वेग कमी केल्याशिवाय दिसत नाहीत. एक व्हायोला लिउझो यांची. डेट्रॉइटची पाच मुलांची आई, गोरी, मोर्चेकऱ्यांना गाडीतून पोचवायचं काम करत होती. मोर्चा संपला त्याच रात्री, २५ मार्च १९६५ रोजी, क्लॅनच्या माणसांनी तिला इथे गोळ्या घातल्या. स्मारकाभोवती कुंपण आहे, कारण नासधूस व्हायची. दुसरी एल्मोर बोलिंग या कृष्णवर्णीय व्यावसायिकाची, त्यांना १९४७ साली मारलं. धंदा बरा चालला हाच गुन्हा. गाडी पूर्ण बाजूला घेऊनच उतरा, मागून येणारे ट्रक थांबत नाहीत. मोर्चाच्या मुक्कामांचे फलकही लागतात. ती शेतं खासगी आहेत, आत शिरू नका.

वेळ असेल तर दक्षिणेला हेनविलला जाऊन या. कोर्टासमोरचा चौक बघण्यासारखा शांत, सुंदर आहे. २० ऑगस्ट १९६५ रोजी इथल्या एका दुकानाच्या दारात जोनाथन डॅनियल्स या पाद्रीपणाचं शिक्षण घेणाऱ्या गोऱ्या तरुणाने रूबी सेल्स या सतरा वर्षांच्या मुलीला ढकलून तिच्या वाटची गोळी घेतली. मारणाऱ्याला याच कोर्टात, सगळ्या गोऱ्या पंचांनी निर्दोष सोडलं.

आणि आजचं लाउन्ड्स. त्याच काळ्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, म्हणून नेहमीची शोषटाकी चालत नाही, आणि गटार योजना बहुतेक घरांपर्यंत पोचलेलीच नाही. कितीतरी घरांमागे मैलापाणी उघड्यावर साचतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ५५ जणांपैकी १९ जणांत आकडीकृमी सापडले, एकविसाव्या शतकातल्या अमेरिकेत. २०२३ साली केंद्रीय न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य खात्याशी सुधारणेचा करार केला. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने तो रद्द केला. हे हायवेवरून दिसत नाही आणि ते बघायला लोकांच्या परसात जाऊही नये. पण केंद्रातल्या रेंजरना विचारलंत तर ते मोकळेपणाने बोलतात.

पुन्हा माँटगमरी : स्मारक आणि संग्रहालय

इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह ही वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांची संस्था. तिच्या तीन मुख्य जागा : लेगसी म्युझियम, टेकडीवरचं राष्ट्रीय स्मारक आणि नदीकाठचं शिल्पोद्यान. तिन्हींना मिळून पाच डॉलरचं एकच तिकीट, जागांदरम्यान बस फुकट. ऑनलाइन आरक्षण करा आणि बंदचे वार तपासा. सोमवार-मंगळवारच्या आसपास हमखास फसगत होते. तिन्ही एका दिवसात 'उरकता' येतात, पण उरकू नका. संग्रहालयालाच तीन तास लागतात, आत फोटो काढू देत नाहीत, आणि लहान मुलांना झेपेल असं ते नाही. दहा-बारा वर्षांखालचं मूल असेल तर एकाने बाहेर थांबावं.

स्मारकात आठशेहून अधिक पोलादी खांब आहेत, एकेका काउंटीचा एकेक, त्यांवर १८७७ ते १९५० या काळात जमावाने मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांची नावं. सुरुवातीला खांब माणसाच्या उंचीचे, समोरासमोर. जमीन हळूहळू उतरत जाते, खांब तिथेच राहतात, आणि शेवटी ते डोक्यावर टांगलेले असतात. भिंतीवरच्या पट्ट्यांवर 'कारणं' लिहिलेली आहेत. जॉर्जियात १९१८ साली मेरी टर्नर हिला मारलं ते, जमावाने आपल्या नवऱ्याला मारलं याबद्दल तिने तक्रार केली म्हणून. ती गरोदर होती.

शिल्पोद्यानाच्या टोकाला उघड्या पुस्तकासारखी एक प्रचंड भिंत आहे. गुलामगिरीतून सुटलेली माणसं १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा नावानिशी नोंदली गेली. त्यांची १,२२,००० आडनावं तिच्यावर कोरली आहेत. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, १८७३ साली. म्हणजे या भिंतीवरच्या नोंदीनंतर तीन वर्षांनी, आणि टेकडीवरच्या खांबांची मोजणी सुरू होण्याच्या चार वर्षं आधी. बाबांनी हे गणित बोटांवर दोनदा केलं. इथे सावली कमी आहे. पाणी, टोपी आणि ज्येष्ठांसाठी बसायच्या जागा हेरून ठेवा. बोटीने जायची सोय असली तर तीच घ्या. त्याच नदीतून बोटींनी माणसं विक्रीला आणली जात.

संध्याकाळी राज्याच्या कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर जा. वर एक पितळी तारा आहे, तिथे फेब्रुवारी १८६१ मध्ये जेफर्सन डेव्हिसने गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. समोर एका चौकाच्या अंतरावर किंगचं चर्च. २५ मार्च १९६५ रोजी २५,००० माणसं या रस्त्यावर उभी होती.

खाणंपिणं आणि उरलेलं

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं : दक्षिणेकडची 'भाजी' शाकाहारी असेलच असं नाही. कोलार्ड ग्रीन्स, घेवडा, वाल हे सगळं बरेचदा डुकराच्या मांसाच्या तुकड्यावर शिजवतात. दरवेळी विचारा, लोक प्रेमाने सांगतात. मॅकरोनी-चीज, रताळी, मक्याची भाकरी, भेंडी तळलेली मिळते. बाबांना भेंडी बघून आनंद झाला. ती आफ्रिकेतून इथे आली, हे सांगितल्यावर त्यांनी आणखी एक प्लेट मागवली.

पेट्रोल माँटगमरीत भरून घ्या, हायवे ८० वर पंप विरळ आहेत. फोनचं नेटवर्क लाउन्ड्समध्ये जातं-येतं, नकाशा आधी उतरवून ठेवा.

बर्मिंगहॅम याच फेरीत कोंबू नका. माँटगमरीहून दीड तास वर आहे. सोळाव्या रस्त्यावरचं चर्च, जिथे १५ सप्टेंबर १९६३ च्या बॉम्बस्फोटात चार मुली गेल्या, समोरची केली इंग्रॅम बाग आणि शेजारचं सिव्हिल राइट्स इन्स्टिट्यूट यांना स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. आम्ही तो पुढच्या खेपेवर टाकला. अटलांटाला परतताना घड्याळ एक तास पुढे जातं. रात्रीच्या विमानाने कुणी परत जाणार असेल तर तो तास हिशेबात धरूनच माँटगमरी सोडा.